संकष्टीला संध्याकाळी उमासे आणि कडू पाणी : हे पित्तच आहे का?

गोदाकाठ

नमस्कार. हा प्रश्न विचारू की नको करत बरेच महिने गेले, पण परवाच्या चतुर्थीनंतर राहवेना.

गेली अकरा वर्षं मी संकष्टी करते. आई करायची. ती गेली त्याच महिन्यात चतुर्थी आली, तेव्हा तिच्या आठवणीनं धरली आणि मग सोडावीशी वाटली नाही. त्यामुळे 'सोडून दे' हा सल्ला घरी मिळतोच, तो इथे देऊ नये अशी आधीच विनंती करते.

त्रास असा. दुपारपर्यंत मी अगदी ठीक असते. चार-साडेचारला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि उमासे यायला लागतात. सहाच्या सुमारास उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो. ऑफिसातून रिक्षानं घरी येताना पेट्रोलचा वास, शेजारच्या बाईच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास, काहीच सहन होत नाही. घरी आले की खिडकीचा पडदा ओढून पडते. साडेसात-आठला उलटी होते. आधी आंबट, मग नुसतं पिवळं कडू पाणी. ते पडलं की डोकं थोडं उतरतं. चंद्रोदय नऊ-साडेनऊला. मोदक सासूबाई आणि नवरा मिळून करतात, मी आरतीपुरती उठते. उपवास सोडताना वरणभाताचा घास गिळवत नाही. दुसरा दिवस अंग गळून गेलेल्या अवस्थेत जातो.

वय ३८. डॉक्टरांनी दोनदा पित्ताच्या गोळ्या दिल्या. जळजळ कमी झाली, बाकी सगळं होतं तिथंच. एरवी महिनाभर काही होत नाही, फक्त एखाद्या दिवशी जेवायला फारच उशीर झाला तर असंच होतं. कुणाला असा अनुभव आहे का?

आबोली

ताई, हे सगळं मीच लिहिलंय असं वाटलं. माझं नवरात्रात होतं, दुसऱ्या-तिसऱ्या माळेपासून. आमच्याकडे याला पित्त खवळलं म्हणतात. आईनं लहानपणीच शिकवलं होतं, तांब्याभर कोमट मीठपाणी प्यायचं आणि घशात बोटं घालून पित्त काढून टाकायचं. डोकं लगेच हलकं होतं. मी अजून तेच करते.

सह्यकडा

उपवासाच्या आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालून सकाळी पाण्यासकट खा. दुपारी कोकम सरबत, साखर बेतानं. माझ्या बायकोला फरक पडला.

निरगुडी

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. इथे वाचून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण गोदाकाठ यांनी त्रासाची वेळ इतकी नेमकी लिहिली आहे की काही विचारल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवशी चहा किती कप होतो आणि केव्हा केव्हा? पाणी किती? दुपारी नेमकं काय खाता? डोकं दुखायला लागल्यावर कुठली गोळी घेता का, आणि ती रिकाम्या पोटी का? ठणका नाडीसारखा ठोके देतो का? जिना चढला की वाढतो का? उजेड नको वाटतो हे तुम्ही लिहिलंच आहे. शेवटचं म्हणजे, आईला असं काही व्हायचं का?

गोदाकाठ

डॉक्टर, इतके प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते.

चहा सकाळी साडेसहाला, मग दहाला, दुपारी एकला, चारला. उपवासाला एखादा जास्तच होतो, कारण भूक मारायला तोच असतो. सकाळी दुसरं काही खात नाही. पाणी ऑफिसात फार कमी, स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून टाळते. दीडला साबुदाण्याची खिचडी डब्यात, कधी बरोबर बटाट्याचा चिवडा. डोकं दुखायला लागलं की टेबलाच्या खणातली दुखण्याची गोळी, आयब्युप्रोफेन असलेली. हो, रिकाम्या पोटीच. उपवासाला तीत काही खाण्याचं नसतं म्हणून चालते असं मी धरून चालले होते. ठोके पडतात, आणि जिना चढताना डोक्यात घण पडल्यासारखं होतं.

आईचं म्हणाल तर, चतुर्थीच्या संध्याकाळी ती कपाळाला सुंठीचा लेप लावून, डोक्याला फडकं घट्ट बांधून माजघरात पडलेली असायची. आम्हाला रेडिओ बंद करायला सांगायची. आम्हाला वाटायचं, उपवासानं दमली. आत्ता हे टाइप करताना हात थांबला माझा.

अप्पा_पैठण

मी ६९ वर्षांचा, एकादशी पन्नास वर्षं सोडलेली नाही. श्रद्धेनं धरलेला उपवास बाधत नाही असं माझं मत आहे. मनानं डळमळलं की शरीर डळमळतं. आमच्या वेळी एकदाच भगर आणि ताक असायचं, नाहीतर रताळं. आता उपवासाच्या नावानं दिवसभर तळणीचे पदार्थ चालतात. त्रास होणारच.

उमरेड_वारा

अप्पा, तुमचा मान ठेवून लिहितो. तळणीबद्दल तुमचं खरं आहे. श्रद्धेबद्दल मात्र मला ऐकवलं नाही.

माझ्या वडिलांची श्रद्धा कुणाहून कमी नव्हती आणि नाही. मागच्या वर्षी आषाढीला त्यांनी साखरेची गोळी रोजच्यासारखी सकाळी घेतली आणि दिवसभर फक्त पाणी. दुपारी तीनला म्हणाले, मळमळतंय, पित्त झालंय वाटतं. आईनं आवळ्याची सुपारी दिली. अर्ध्या तासानं घामानं सदरा ओला, हात थरथर कापत होते, आणि मला माझ्या काकाच्या नावानं हाक मारली. घरात साखर मोजायचं यंत्र होतं म्हणून निभावलं. ५२ आली. ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत मोजली, पुन्हा पाजलं, मग दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की ग्लिमेपिराइड, म्हणजे त्यांची ती साखरेची गोळी, चालू असताना पोट रिकामं ठेवायचं नसतं. गोळी लिहून देताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ते पित्त म्हणाले आणि आम्ही मानलं. तो अर्धा तास माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

अप्पा_पैठण

उमरेड_वारा, वाचून वाईट वाटलं. मलाही चार वर्षांपासून साखरेची गोळी आहे. ग्लिमेपिराइडच आहे का ते पाकीट बघून सांगतो.

निरगुडी

अप्पा, जरूर बघा, आणि पुढच्या एकादशीच्या आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. गोळी आपल्या मनानं बंदही करू नका. उपवासाच्या दिवशी मात्रा आणि वेळ बदलता येते, पण ती लिहून देणाऱ्यानं बदलायची. साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच संपला असं समजायचं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या नव्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला उपवासात मळमळ, उलटी, पोटदुखी झाली तर यंत्रावर साखर फार वाढलेली दिसत नसतानाही रक्तात आम्ल साचलेलं असू शकतं. अशा वेळी घरगुती उपाय करत न थांबता थेट रुग्णालयात जायचं.

आता गोदाकाठ यांच्याबद्दल. जरा लांबेल.

पोटात दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाचकरस तयार होतो. अन्न नसलं तरी तो पूर्ण थांबत नाही, आणि त्याची धार बोथट करायला अन्नही नसतं. शिवाय रिकामं पोट गप्प बसत नाही. साधारण दीड-दोन तासांनी जठर आणि आतडं जोरात आकुंचन पावून उरलंसुरलं पुढे ढकलतात, झाडलोट म्हणा. पोटात कावळे ओरडतात ते हेच. काहींना या लाटांबरोबर उमासा येतो, बहुतेकांना येत नाही. त्यावर उपाशीपोटी कडक चहा आणि त्यावर आयब्युप्रोफेन. या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात. तीत खाण्याचं काही नसेल, पण रिकाम्या पोटी घेण्याची ती गोळी नाही. एवढं एक आजपासून बंद करा.

आता तुमच्या वर्णनातली दुसरी बाजू. एका बाजूचा ठणका, ठोके पडणं, जिन्यानं वाढणं, उजेड आणि वास नकोसे होणं, मळमळ, उलटी, काही तास पडून राहावं लागणं, आणि आईलाही तसंच. पित्ताच्या गोळ्यांनी जळजळ गेली, बाकीचं गेलं नाही. हे सगळं एकत्र वाचलं की माझ्या मनात पहिलं नाव अर्धशिशीचं येतं, म्हणजे मायग्रेनचं. वेळेवर न जेवणं हे तिच्या सर्वांत ओळखीच्या कारणांपैकी एक. तिच्यात मळमळ पोटातून सुरू होत नाही, मेंदूकडून येते, आणि अनेकदा डोकं दुखायच्या आधीच येते. म्हणून आपल्याला वाटतं की आधी पोट बिघडलं, मग डोकं. क्रम तसा दिसतो, पण दोन्हींचं मूळ एकच असतं.

उलटी झाली की डोकं उतरतं, यामुळे तर सगळे फसतात. मायग्रेनचा झटका पुष्कळांमध्ये उलटीबरोबर ओसरायला लागतो. मग घरात पक्कं ठरतं की पित्त पडलं म्हणून डोकं थांबलं. आणि ते पिवळं कडू पाणी म्हणजे यकृतातून आतड्यात येणारं पित्त. ओकारीच्या जोरानं ते उलटं जठरात येतं. पिवळं पडलं याचा अर्थ पित्त वाढलं होतं असा होत नाही. पोटात पडायला दुसरं काही उरलं नव्हतं, एवढाच होतो.

आबोली, तुम्हाला कळकळीनं सांगतो, बोटं घालून उलटी काढणं सोडा. वारंवारच्या आम्लानं दातांवरचं कवच झिजतं, अन्ननलिकेला चीर जाऊन रक्त पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि मीठपाण्यानं रक्तदाबाच्या माणसाला वेगळाच अपाय होतो.

चिंचपाणी

डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून एक गोष्ट आठवली. मी औषधांच्या दुकानात काम करते. 'पित्ताची गोळी द्या' म्हणून दिवसात पंधरा जण येतात. एकाच्या छातीत जळजळत असतं, एकाच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात, एकाचं डोकं दुखत असतं, एकाला सकाळी दात घासताना ओकारी येत असते. चौघांनाही पित्तच झालेलं असतं. आपल्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे आणि तो इतका घरचा आहे की पुढे कुणी विचारतच नाही. मी आता विचारते, नेमकं कुठे काय होतंय? छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, दम लागणं असं काही ऐकलं तर गोळी न देता आधी ईसीजी काढायला पाठवते.

कौस्तुभवैद्य

आयुर्वेदाचा पदवीधर आहे, म्हणून थोडी भर घालतो. अम्लपित्त हा वेगळा व्याधी म्हणून काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात आला आहे. तिथेही तो नुसता आंबट ढेकरांपुरता नाही, अंगाचा जडपणा, अरुची, मळमळ हे सगळं त्यात येतं. शारदीय नवरात्र शरद ऋतूत येतं, आणि शरद हा पित्तप्रकोपाचा काळ. ऑक्टोबरच्या उन्हात रोज साबुदाणा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, तळलेले वडे हे उपवासाला चालतं, शरीराला चालत नाही. लंघन म्हणजे पोटाला हलकं ठेवणं. एक वेळची भाकरी सोडून त्याजागी वाटीभर तुपातली खिचडी आणि तीन वडे, याला लंघन म्हणता येणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो ते असं. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, वरीचा मऊ भात आणि जिरं घातलेलं ताक, शहाळं, डाळिंब, मोरावळा. चहा खाल्ल्यानंतर. डॉक्टरांनी डोकेदुखीबद्दल लिहिलं ते मलाही पटतं. अर्धावभेदक, म्हणजे अर्धशिशी, आपल्याकडे वेगळा सांगितलेला आहेच, त्याला अम्लपित्तात ढकलण्याचं कारण नाही.

सह्यकडा

गार दुधाबद्दल काय? आमच्याकडे जळजळ झाली की पहिला उपाय तोच.

निरगुडी

घोटभर दुधानं तात्पुरतं बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम यांच्यामुळे जठर थोड्या वेळानं पुन्हा आम्ल सोडतं. काही खाण्याबरोबर घ्यायला हरकत नाही, औषध म्हणून दर तासाला पिऊ नये. सोड्याच्या पुड्यांतही सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी टाळावं.

हर्णे_बंदर

मी रोजे ठेवतो, दापोलीकडचा आहे. आमच्याकडे रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत निम्म्या घराचं डोकं दुखतं आणि मळमळतं. माझं तर ठरलेलं होतं, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजीच्या वेळेला. एका जाणत्या डॉक्टरनं सांगितलं की हे चहाचं आहे. दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस अचानक थांबला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, मळमळ येते, चिडचिड होते. आता रमजानच्या पंधरा दिवस आधीपासून एकेक कप कमी करत आणतो. सेहरीला उठायचा कंटाळा करून झोपून राहणं बंद केलं. भाकरी, अंडं, केळं, दोन तांबे पाणी. आंबोळीही चालते, तळलेलं नाही. चार वर्षं झाली, पहिला रोजाही शांत जातो. इफ्तारला आधी खजूर आणि पाणी, नमाज, मग जेवण. भज्यांवर तुटून पडलं की रात्री आंबट पाणी वर येतंच.

गोदाकाठताई, तुमचा उपवास निर्जळी नाही ना? मग पाणी तरी सोडू नका.

निरगुडी

अगदी नेमकं लिहिलंत. उपवासाची डोकेदुखी जगभर नोंदलेली आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा आहे, किमान आठ तास न खाल्ल्यावर येणारी आणि खाल्ल्यानंतर ओसरणारी. ज्यू लोकांचा योम किप्पूरचा उपवास २५ तासांचा आणि निर्जळी. १९९५ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. उपवास केलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं डोकं दुखलं, न केलेल्यांपैकी ७ टक्के. आणि ज्यांना एरवीही डोकेदुखीचा त्रास होता त्यांना तो जास्त झाला. कुणाच्या श्रद्धेत फरक होता म्हणून हे झालं नाही, अप्पा.

अप्पा_पैठण

मान्य करतो. पाकीट बघितलं, तीच गोळी आहे. मंगळवारी मुलगा डॉक्टरांकडे नेणार आहे.

कळमनुरी

जरा विषयाला लागून. आमच्याकडे मराठवाड्यात महाशिवरात्र, एकादशी आली की भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. मी स्वतः एका भंडाऱ्यात अनुभवलंय. जेवल्यानंतर दोन-अडीच तासांत मळमळ, चक्कर, हातपाय थरथरणं, उलट्या. सुरुवातीला सगळे म्हणाले, उपाशीपोटाला भगर जड गेली. मग एकेका घरातून माणसं दवाखान्यात यायला लागली तेव्हा उलगडा झाला.

ओलाव्यानं भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं तयार पीठ सर्वांत धोक्याचं. अन्न आणि औषध प्रशासनही हेच सांगतं, पाकीटबंद भगर घ्या, तारीख बघा, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळा. सणाच्या दिवशी घरातल्या दोघातिघांना एकदम मळमळायला लागलं तर त्याला पित्त म्हणू नका, उरलेलं अन्न बाजूला काढून ठेवा आणि दवाखाना गाठा.

आबोली

निरगुडी सर, रात्री नीट झोप लागली नाही तुमचं वाचून. वरच्या दातांना गार लागलं की कळ येते, दोन वर्षं झाली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आंबट फार खाता का? मी नाही म्हणाले. हे सांगायचं सुचलंच नाही.

बोटं घालणं बंद. पण मग त्या वेळी करायचं काय? ते डोकं सहन होत नाही हो.

निरगुडी

सुचलं नाही यात तुमची चूक नाही. पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांना सांगा.

झटक्याच्या वेळी जठराची हालचालच मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते किंवा उलटीत बाहेर पडते. औषध घ्यायचं तर ठणका नुकता सुरू होतानाच, आणि थोडं काही खाऊन. कुठलं, ते प्रत्यक्ष तपासून ठरवायचं, कारण मायग्रेनच्या काही गोळ्या हृदयविकार किंवा जास्त रक्तदाब असलेल्यांना चालत नाहीत. महिन्यातून चार-पाचदा होत असेल तर झटका येऊच नये म्हणून रोजचं औषध असतं.

आणि खाणं. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. सकाळपासून काही न खाता दीडला एकदम तोच पोटभर खाल्ला की साखर भराभर चढते आणि उतरतेही भराभर. चार-साडेचारचा खड्डा मला तरी त्यातलाच वाटतो. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं आहेत, दाण्यांत पंचवीसच्या आसपास. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांतूनच निवड करायची आहे, नियम मोडायचा नाही.

रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच, वजन आपोआप कमी होणं, गिळताना अडकणं, पहाटे दोन-तीनला पोट दुखून जाग येणं आणि खाल्लं की थांबणं, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी हवी. त्या पहाटेच्या दुखण्यामागे पुष्कळदा एच. पायलोरी नावाचा जिवाणू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि आज दोन आठवड्यांच्या औषधात तो बहुधा जातो. तपासणी शौचाच्या किंवा श्वासाच्या चाचणीनं होते, फक्त आधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येऊ शकतो.

गोदाकाठ

दोन संकष्ट्या झाल्यावर लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमा, पण सांगण्यासारखं काही हाती आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

नाशिकमध्येच एका डॉक्टरांना दाखवलं. जाताना या धाग्यावर मला विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं कागदावर उतरवून नेली. त्यांनी नीट वाचलं, डोळ्यांच्या मागचा पडदा तपासला, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन बघितलं. मायग्रेनच म्हणाले. एच. पायलोरीची चाचणी केली, तो जिवाणू निघाला नाही. आयब्युप्रोफेन बंद.

पहिल्या संकष्टीला साडेसातला वरीचा मऊ भात आणि ताक घेतलं, चहा त्यानंतर. एकूण चहा दोनच, पण तो आधीच्या तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत आणला होता. अकराला केळं आणि मूठभर भाजलेले दाणे. दीडला राजगिऱ्याचं थालीपीठ, काकडीची कोशिंबीर, दही. चारला दोन खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू, ठरवून, भूक असो नसो. दीड लिटरची बाटली संध्याकाळपर्यंत संपवली आणि दुसरा मजला जितक्यांदा चढावा लागला तितक्यांदा चढले. सात वाजता भुवईवर हलका ठणका आला. केळं खाऊन डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेतली, अर्धा तास पडले. उलटी झाली नाही. त्या रात्री मी वरणभात जेवले.

दुसऱ्या संकष्टीला ठणकाही आला नाही. मोदकांच्या पाऱ्या मी वळल्या. सासूबाई शेजारी बसून सारण भरत होत्या, म्हणाल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा तुला या दिवशी ओट्यापाशी बघतेय.

आई सारखी आठवते. तिला कुणी उजेड नको का वाटतो असं विचारलंच नाही. तिच्या सुंठीच्या लेपानं आम्हाला वाटायचं, थोड्या वेळात बरं वाटेल.

आता एक प्रश्न. माझी लेक चौदाची आहे. शाळेतून आली की आठवड्यातून एकदा तरी डोकं दुखतं म्हणून पडून राहते, कधी मळमळतं. यंदा मैत्रिणींबरोबर हरतालिका करायची म्हणते, निर्जळी. मी काय करू?

निरगुडी

खूप बरं वाटलं वाचून.

लेकीला एकदा दाखवून घ्या. मुलींमध्ये हा त्रास अनेकदा पाळी सुरू होण्याच्या वयात डोकं वर काढतो, आणि आजी, आई असा वारसा समोर असताना वाट बघायचं कारण नाही. ती डबा संपवते का, शाळेत पाणी पिते का, रात्री किती झोपते, हे महिनाभर वहीत लिहायला लावा. हरतालिका निर्जळी नको. पाणी, फळं, दूध घेऊन करू दे, दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे.

अप्पा_पैठण

माझी एकादशी चालू आहे. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि उपवासाच्या दिवशी कशी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून दिलं. दोन वेळा भगर-ताक आणि मध्ये फळ. साखर मोजायचं यंत्र मुलानं आणलं, सून दुपारी तीनला मोजते. उमरेड_वारा, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

उमरेड_वारा

सांगितला, अप्पा. ते म्हणाले, कार्तिकीला पंढरपुरात भेटू.

गोदाकाठ

लेकीशी बोलले. आजीबद्दलही सांगितलं, माजघर, फडकं, बंद रेडिओ, सगळं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पाणी पिऊन करते, पण मैत्रिणींना तू सांग. चौघींच्या आयांना फोन केले, तिघी हो म्हणाल्या. चौथीशी उद्या समक्ष बोलणार आहे.